डाळिंबी टोपी आणि एक जून

गिरणीच्या गेटवर मी आठ महिन्यांपासून उभा होतो. मालकाची गाडी आत आली की सलाम ठोकायचा, बाहेर गेली की पुन्हा ठोकायचा. सलाम माझ्या अंगातच मुरला होता, त्याचं काही नाही. पण ज्याला ठोकायचा तो मागच्या सीटवर पान चघळत बसलेला असायचा आणि माझ्याकडे बघायचाही नाही. पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. नऊ वर्षं पलटणीत काढलेला, एकाहत्तरची लढाई बघितलेला माणूस मी, आणि आता सुटणाऱ्या पाळीचे डबे उघडून कोणी सुताची लडी तर नेत नाही ना ते तपासत होतो. कामगार माझी फिरकी घ्यायचे. "फौजी, डब्यात बाँब हाय बगा, जपून," म्हणायचे. मी हसायचो नाही, म्हणून ते आणखी हसायचे.

पलटण सोडली ती दुष्काळापायी. बहात्तर साली पाऊस गेला आणि त्याच हिवाळ्यात वडीलही गेले. आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, जुन्या निजाम हद्दीला चिकटून. तिकडे आईला अव्वा म्हणतात. जिने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला पाय ठेवला नाही ती अव्वा सरकारी कामावर खडी फोडायला जाते, असं पत्र मला सीमेवर मिळालं. धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. साहेबांनी घरच्या अडचणीवर सुटका मंजूर केली आणि मी आलो. पुढचे दोन पावसाळे बरे गेले. भाऊ हाताशी आला, इतका आला की मी औताला हात लावला तर "दादा, तुमी ऱ्हाऊ द्या, तुमच्यानं तास वाकडं हुतंय" असं म्हणायला लागला. खरंच वाकडं होत होतं. म्हणून मी सोलापूर गाठलं, नवी पेठेच्या मागे एक खोली घेतली, गिरणीत लागलो आणि आठ महिन्यांत ठरवून टाकलं की पुन्हा फौजेत जायचं. जुन्या पलटणीत परत जायचं नव्हतं. मला कमांडोंत जायचं होतं.

हे खूळ कुठून आलं ते सांगतो. लढाईत आमची कंपनी वाळवंटात होती. एका सकाळी हद्दीपलीकडून जीपगाड्या येताना दिसल्या. आम्ही बंदुका रोखल्या. गाड्यांतली माणसं धुळीने इतकी माखली होती की त्यांचा गणवेश कुठला ते कळेना. ते आपलेच निघाले, छत्रीने उतरणारे कमांडो. एकाने खिशातून चुरगळलेली डाळिंबी रंगाची टोपी काढली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि मग चहा मागितला. दुसरा एक नायक माझ्याशेजारी बसून आमच्या चपात्या खाऊ लागला. आमच्यातल्या कुणीतरी विचारलं, "कितने मारे?" आमच्या कंपनीत या प्रश्नाला प्रत्येकाकडे आकडा तयार असे, आणि दर चहाला तो वाढे. नायक म्हणाला, "मालूम नहीं. अँधेरा था." आणि लोणचं मागितलं. माझं मन तिथेच गेलं. एवढं करून आलेला माणूस, आणि एक शब्द जास्तीचा नाही. मला तसं व्हायचं होतं. टोपीही हवी होती, उगाच साधूपणा कशाला सांगू.

सोलापुरात माजी सैनिकांचं एक ऑफिस होतं. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि एका टेबलामागे रिटायर झालेले सुभेदारसाहेब. त्यांनी माझं डिस्चार्ज बुक उघडलं आणि न बघताच विचारलं, "बोला. बँकेत शिपाई? एसटीत वॉचमन?"

"कमांडो," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "लग्न झालंय?"

"नाही."

"मग करा. सगळं खूळ उतरेल."

मी उठलो नाही. माझं हे एक आहे, मला कुणी हुसकावलं की मी जास्त घट्ट बसतो. अर्ध्या तासाने त्यांनी दोन चहा सांगितले आणि मग नीट बोलायला लागले. सुटून आलेल्यांसाठी राखणदारीची एक वेगळी पलटण असते, डेपो नि कोठारं राखायची, तिथे उद्याच घेतील, असं म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. वर्षातून थोडे दिवस कवायत करून घरी येण्याची सोय असते, तीही सांगितली. मी पुन्हा मान हलवली. मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "दोन महिन्यांनी पुण्याला एक मेजरसाहेब बसणार आहेत. सुटून गेलेल्यांतले काही परत घ्यायचेत. त्यातला कुणी स्वतःहून तयार असला तर त्याला छत्रीवाल्यांच्या परीक्षेला पाठवतील. तिथे काही महिने हाडं खिळखिळी करतात आणि बहुतेकांना हाकलून देतात. पण तुम्हाला दारातच अडवतील. बुकातल्या वयाने तुम्ही पाच महिन्यांपूर्वीच बाद झालात."

हे ऐकून मला हसू फुटलं. सुभेदारसाहेबांना वाटलं धक्का बसला.

धक्का कसला! बुकातलं वय खोटं होतं, आणि ते खोटं मीच बोललो होतो. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. भरतीवाले सोलापुरात आलेत असं कळल्यावर मी घरी न सांगता पळालो. शाळेच्या दाखल्यावर मला सोळाच पूर्ण होती, म्हणून दाखला मुद्दाम घरी ठेवला आणि तिथे छाती फुगवून सांगितलं, "अठरा पूर्ण." डॉक्टरने तोंड उघडायला लावलं, दात बघितले, काखेत बघितलं आणि "ठीक है" म्हणाला. कारकुनाने बोटांवर हिशेब करून साल काढलं आणि तारीख विचारली. मला तेवढी एकच तारीख माहीत होती. मी म्हणालो, एक जून.

म्हणजे मी बुकापेक्षा दोन वर्षांनी तरुण होतो. ते सिद्ध केलं की दार उघडं. सुभेदारसाहेब म्हणाले, "सोळाव्या वर्षी फौजेत जायला खोटं बोलला म्हणून तुम्हाला कुणी फाशी देत नाही. शाळेचा दाखला आणा. मात्र बुक एक सांगतं आणि दाखला दुसरंच, तेव्हा आईचं प्रतिज्ञापत्र लागेल, कोर्टाच्या शिक्क्याचं. आई आहेत ना?"

"आहेत."

"त्यांना चालेल तुम्ही गेलेलं?"

मी बुक उचलून खिशात घातलं.

दुसऱ्या दिवसापासून पळायला लागलो. एका जुन्या पिशवीत ओली वाळू भरायची, ती पाठीला आवळून बांधायची आणि पहाटे विजापूर रस्त्याने सुटायचं. पाळीला जाणारे विणकर सायकली थांबवून बघायचे. रस्त्यावर एक चहावाला होता, तो रोज ओरडायचा, "क्या फौजी, पीछे पुलिस है क्या?" मी रोज म्हणायचो, "हौ, तेरे वास्ते आ रहे." पहिले पंधरा दिवस ओकाऱ्या आल्या. गेटवरची आठ महिन्यांची चरबी होती ती. नवी पेठेतून कॅनव्हासचे बूट घेतले ते महिन्यात फाटले, दुसरे घेतले. दुसरा महिना लागला तसा श्वास जाग्यावर आला. सलामही सोपा झाला. मालक मला दिसतच नव्हता.

रजा टाकून गावी गेलो. शाळेचे गुरुजी अजून तेच होते. केस पिकले होते, छडी मात्र तीच असावी. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि माझ्यापुढे उघडून ठेवलं. आमच्या इयत्तेची चौतीस पोरं, आणि चौतिसांचीही जन्मतारीख एक जून. आमच्या भागातल्या पोरांच्या जन्माची नोंद कुणी ठेवत नसे. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला धरून आणायचा, गुरुजी पोराकडे बघून, बापाला विचारून साल ठरवायचे आणि दिवस ठोकून द्यायचे एक जून. चौतीस आया एकाच दिवशी बाळंत झाल्या असत्या तर गावात सुईणी पुरल्या नसत्या, पण सरकारला कधी शंका आली नाही.

"साल बरोबर आहे ना, गुरुजी?" मी विचारलं.

"तुझ्या वडलांनी सांगितलं तेच लिहिलंय, बाळ," गुरुजी म्हणाले आणि दाखल्यावर सही करून शिक्का मारला. साल मला हवं होतं तेच होतं, बुकापेक्षा दोन वर्षांनी अलीकडचं.

वडील सांगत ते मला पाठ होतं. निजामाचे रझाकार हद्दीवरच्या गावांत घुसून लुटालूट करायचे त्या दिवसांत आमचं अख्खं गाव एकदा रात्रीत उठून अक्कलकोटाकडे पळून गेलं होतं, आणि मी तेव्हा अव्वाच्या कुशीतलं तान्हं पोर होतो. वडील हे चारचौघांत इतक्यांदा सांगायचे की ते मला आठवतंय असंसुद्धा मला वाटायचं.

अव्वाला मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही.

"म्हंजी विमानातनं उडी मारायची," ती म्हणाली.

"छत्री असते, अव्वा."

"छत्री उगडली न्हाय तर?"

"दुसरी असते."

"ती बी न्हाय उगडली तर?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "मला तू जायला नगं हायस. ते मी एकडाव सांगितलं, पुन्यांदा न्हाय सांगनार. कवा जायचं अक्कलकोटाला?"

सोमवारी एसटीने गेलो. अव्वाने ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं होतं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली अर्ज लिहिणारे टाइपरायटर घेऊन बसलेले असत. त्यातला एक आम्ही धरला. अव्वा आणि तो थोडा वेळ कानडीत बोलले, कुठलं गाव, कुणाचे पाहुणे वगैरे. मग त्याने स्टँपपेपर लावला, माझ्याकडून दाखला घेतला आणि शिरस्ता म्हणून तिला विचारलं, "आजी, हा पोरगा कधी झाला?"

"रझाकाराच्या आदी," अव्वा म्हणाली.

"आधी म्हणजे?"

"आदी म्हंजी आदी. दोन वर्सं तरी."

मी म्हणालो, "अव्वा, मी तान्हा होतो ना? तुझ्या कुशीत?"

"तान्हा कुटला! चांगला पळत व्हतास की. त्या रात्री मी तुला कडंवर घ्याया बगत व्हते आन तू बसना. वड्यातनं चालत गेलास माझं बोट धरून. वाटंत तुजी चड्डी वली झाली म्हनून रडलास."

टाइपरायटरवाल्याने हात थांबवले. मी म्हणालो, "पण बाबा तर म्हणायचे..."

"तुज्या बानं शाळंत दोन वर्सं कमी सांगितली. सरकारी नोकरी लागली तर शेवटाला दोन वर्सं जास्ती मिळत्यात, असं त्यास्नी तलाठ्यानं शिकवलं व्हतं. मग पुढं कुनी इचारलं तर घोळ नगं म्हनून समद्यास्नी तान्हा तान्हा सांगत ऱ्हायले. मी म्हनलं व्हतं, कशाला? माझं कोन ऐकतंय!"

मी लिंबाच्या पारावर बसलो. बापाने दोन वर्षं कापली होती आणि मी भरतीवाल्यांसमोर छाती फुगवून दोन वर्षं चढवली होती. नऊ वर्षं जे खोटं मी मनात लपवून वागवलं, ते शंभर टक्के खरं होतं. मी खरंच अठरा पूर्ण होतो. आणि आता खरंच बाद झालो होतो. मला बापाचा असा राग आला की तो जिवंत असता तर मी त्या दिवशी त्याच्याशी भांडलो असतो.

टाइपरायटरवाला समजूतदार होता. त्याच्यापुढून रोज असं कितीतरी जात असणार. तो हळूच म्हणाला, "फौजी, शाळेचा दाखला पक्का आहे. सही-शिक्का आहे. मी दाखल्यातलं साल टाकतो. आत साहेब आजींना एवढंच विचारतील, लिहिलंय ते खरं का? त्यांनी हो म्हणायचं, अंगठा द्यायचा, झालं. कुणी रझाकार शोधायला जात नाही."

अव्वा माझ्याकडे बघत होती. मग तीच त्याला म्हणाली, "लिवा तुमी. त्याला पायजे ते साल लिवा. मी व्हय म्हनते."

"अव्वा, शपथ घ्यायला लावतील."

"घीन की."

"खोटी?"

"तुज्यासाटी घीन."

ती खरंच घेणार होती. मी जाऊ नये म्हणून जिने रोज देवाला साकडं घातलं असेल, ती मला जाता यावं म्हणून देवाचीच खोटी शपथ घेणार होती. टाइपरायटरवाल्याने मजकूर टाइप करून कागद काढला, शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि म्हणाला, इथे आधी एक अंगठा, आत दुसरा. अव्वाने अंगठा पॅडवर दाबला. मी तिचं मनगट धरलं.

"सोड. शाई वाळंल."

"नको."

"आता का नगं? लुगड्याला लागली बग शाई. इरकल हाय हे."

मी कागद ओढून घेतला आणि फाडला. टाइपरायटरवाला चिडला, स्टँपपेपर वाया गेला म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. मी फार चांगला माणूस आहे म्हणून फाडला असं कुणी समजू नये. मी खोटं बोलून फौजेत शिरलो होतो आणि त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. पण ते मी माझ्या तोंडाने बोललो होतो, माझ्या छातीवर. म्हातारीला कोर्टात उभं करून तिच्या अंगठ्याने खोटं बोलायचं आणि वर कमांडो म्हणून मिरवायचं, हे मला जमेना. परतीच्या एसटीत ती सगळ्या वाटेवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं तिला सुटल्यासारखं झालं असेल.

तरीही मी पुण्याला गेलो. सुभेदारसाहेबांनी कपाळाला हात लावला. "कागद नाही, वय नाही, मग जाताय कशाला?" मी म्हणालो, बोलावलंय त्या दिवशी जायचं एवढं मला कळतं. खरं म्हणजे दोन महिने मी वाळू वाहिली होती, आणि ती नुसती खोलीच्या कोपऱ्यात ओतून द्यायला माझं मन तयार नव्हतं.

मैदानाच्या कडेला तंबू होता, टेबल होतं. टेबलामागचे मेजरसाहेब माझ्याच वयाचे असतील, कदाचित वर्षाने लहान. डोक्यावर डाळिंबी टोपी. त्यांनी बुक उघडलं आणि वय बघून मिटलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं. दोन महिन्यांच्या पळण्याने अंग उतरलं होतं, ते त्यांना दिसलं असावं. ते म्हणाले, "उमर ज़्यादा है. स्कूल का सर्टिफिकेट अलग होगा? कइयों का होता है."

दाखला माझ्या खिशात होता. का घेऊन गेलो होतो ते विचारू नका. साहेब स्वतः दार उघडून देत होते. आईचं प्रतिज्ञापत्र नंतर पाठवतो म्हणालो असतो तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं.

"है, साहब," मी म्हणालो.

"दिखाओ."

"वो ग़लत है, साहब. फौज वाला सही है."

शेजारचा कारकून हसला. मेजरसाहेब हसले नाहीत. "तुम्हें कैसे मालूम?"

"माँ ने बताया."

थोडा वेळ ते माझ्या बुकावर बोटं वाजवत राहिले. "फिर यहाँ क्यों आए हो?"

"दौड़ने, साहब. दौड़ा के देख लीजिए. फिर ना बोलिए."

मला वाटतं त्यांना हा उद्धटपणा वाटला, आणि तो होताही. पण त्यांनी कारकुनाला खूण केली आणि माझ्या छातीवर एक नंबर चिकटवला गेला. आम्ही बावीस जण होतो. पाठीवर वजन, पुढे टेकडी, तिला वळसा घालून परत यायचं. पोरं सुरुवातीलाच उधळली. मी माझ्या चालीने राहिलो. टेकडी चढताना एकेक करून ती मला वाटेच्या कडेला बसलेली दिसायला लागली, कुणी पोट धरून, कुणी बूट काढून. एकाने मला विचारलं, "चाचा, पानी है?" चाचा! त्या शब्दाने मला पुढचे दोन मैल ओढून नेलं. पहिला आलो असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी चौथा आलो. पुढचे तिघे खरोखरच चांगले पळाले.

मेजरसाहेब घड्याळ हातात घेऊन उभे होते. "अच्छा दौड़े," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नियम मैं नहीं बदल सकता. डेपो की गार्ड में चिट्ठी दे देता हूँ. पक्की नौकरी है."

"साहब, गेट पर तो मैं आज भी खड़ा हूँ," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. साहेब लोक जवानाशी हस्तांदोलन करत नाहीत. मी हात मिळवला, सलाम ठोकला, मागे वळलो आणि मैदानाच्या फाटकापर्यंत ताठ चालत गेलो. फाटकाबाहेर आल्यावर एका पानटपरीच्या फळीला धरून उभा राहिलो. रात्रभर गाडीत मला झोप आली नाही. वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. चौथा येणारा माणूस म्हातारा कसा? पुढचे तिघे घेतले असतील, आणि माझ्या मागून धापा टाकत आलेल्यांतलेही काही घेतले असतील. मी खरं बोललो होतो याचा मला त्या रात्री अजिबात अभिमान वाटत नव्हता. दाखला काढून दोनदा बघितला. दोन्ही वेळा पुन्हा घडी घालून खिशात ठेवला.

सोलापूरला न थांबता तसाच गावी गेलो. अव्वा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. भाऊ रानात गेला होता. तिने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"घेतलं व्हय?"

"न्हाय," मी म्हणालो. घरी आलं की माझी जीभ आपोआप गावाची होते.

मला वाटलं ती आता देवापुढे साखर ठेवेल. मी मान खाली घालून बूट सोडत होतो, एवढ्यात शेंगांचं सूप ओट्यावरून खाली आपटलं. शेंगा अंगणभर झाल्या.

"का न्हाय घेतलं?"

"वय जास्ती हाय म्हनले."

"वय? डोळं फुटल्यात का त्यांचं? पळायला सांगितलं व्हतं का न्हाय?"

"सांगितलं. बाविसात चवथा आलो."

"चवथा! आन तरी न्हाय घेतलं? कोन व्हता त्यो सायब? चल, मला न्हे तिकडं." ती खरंच उठली. आत गेली, खुंटीवरचं इरकल लुगडं ओढून काढलं, पदरावर शाईचा डाग तसाच होता, आणि ते हातात घेऊन दारात उभी राहिली. "मी सांगते त्याला. नऊ वर्सं राबवून घेतलं तवा वय दिसलं न्हाय व्हय? लडाईत धाडलं तवा दिसलं न्हाय?"

"अव्वा, तुलाच तर मी जायला नगं व्हतो."

"मला नगं व्हतास!" ती ओरडली. शेजारच्या घरातली बाई दारात आली, तिच्याकडे अव्वाने बघितलंही नाही. "मला नगं व्हतास, त्ये माझं मी बगीन. मी न्हाय म्हनन तुला, हजारदा म्हनन. त्यांनी कोन न्हाय म्हनायचं?"

मग ती उंबऱ्यावरच बसली आणि लुगडं तोंडाला लावून रडायला लागली. मी उठून तिच्याशेजारी बसलो. मला ती टोपी हवी होती, फार हवी होती, आणि ती आता कधीच मिळणार नव्हती. लढाईतून परत आलो तेव्हा मी रडलो नव्हतो, वडील गेले तेव्हाही नाही. त्या दुपारी तिच्याशेजारी बसून मी मोठ्याने रडलो, आणि शेजारची बाई बघत होती तरी तोंड लपवलं नाही.